मंगळावरच्या सोलर पॅनलला वायपर का बसवत नाहीत?

पॅनलवाला

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचतो, लिहायला मात्र आज पहिल्यांदा बसलोय. शंका साधी आहे, पण दोन आठवडे डोक्यातून जात नाहीये.

माझं काम सौर कृषिपंप बसवायचं आणि बसवलेल्यांची देखभाल करायचं. सांगोला, जत, आटपाडी हा माझा फिरतीचा पट्टा. इकडे ऊन भरपूर आणि धूळही भरपूर. ज्वारीची मळणी सुरू झाली की पॅनलवर रोज नवा थर बसतो. त्या दिवसांत मला येणारे निम्मे फोन एकाच तक्रारीचे : "पाणी कमी पडतंय, मोटर गेली का बघा." जाऊन बघावं तर मोटर ठणठणीत. पॅनलवरून बोट ओढलं की बोटाएवढा निळा पट्टा उघडा पडतो, मग मला वेगळं काही सांगावं लागत नाही.

खरा त्रास मात्र वरच्या थराचा नसतो. पहाटेचं दव धुळीत मिसळतं, त्याचे ओघळ खाली येतात आणि खालच्या चौकटीला अडून तिथेच वाळतात. दोन बोटं रुंदीची गाळाची पट्टी तयार होते. वरचं पॅनल लख्ख दिसत असलं तरी ही पट्टी खालच्या ओळीतल्या सेलवर सावली धरते. सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एका ओळीची सावली बाकीच्यांनाही भोवते. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, पाणी मारून झालं की खालची कड ओल्या फडक्याने पुसा, तेवढं विसरू नका.

तर झालं असं. मुलगी सातवीत आहे. तिच्याबरोबर 'ऑपॉर्च्युनिटी' या मंगळावरच्या गाडीबद्दल बघत होतो. धुळीच्या वादळात पॅनलला ऊन मिळेना आणि गाडी बंद पडली, असं त्यात होतं. मुलीने विचारलं, "बाबा, तुम्ही तिथे असता तर फडकं मारलं असतं ना?" मी हो म्हणालो. नंतर झोपताना विचार करत राहिलो. एवढी मोठी मोहीम, एवढी हुशार माणसं. मग गाडीच्या काचेला असतो तसा एक वायपर त्या पॅनलला का नाही? नाहीतर हवेचा फवारा? नाहीतर पॅनल रात्री उभं करून झटकायचं? यातलं काहीच त्यांना सुचलं नसेल, असं मला वाटत नाही. मग अडलं कुठे? कोणाला नीट माहीत असेल तर समजावून सांगा. मुलीलाही सांगायचंय.


आकाशवेडी

धाग्याबद्दल मनापासून धन्यवाद. हा प्रश्न दरवेळी कोणीतरी विचारतं आणि दरवेळी "शास्त्रज्ञांना कळत नाही का" म्हणून उडवून लावला जातो. रोज पॅनल पुसणाऱ्या माणसाने तो विचारलाय, तर सविस्तर बोलू या.

आधी ऑपॉर्च्युनिटीचं. ती २५ जानेवारी २००४ ला उतरली. ९० मंगळदिवस चालावी अशी अपेक्षा होती. चालली १० जून २०१८ पर्यंत, म्हणजे १४ वर्षांहून जास्त, आणि तेवढ्यात ४५ किलोमीटरहून अधिक फिरली. तुमच्या भाषेत सांगते. उतरली तेव्हा तिची पॅनलं दिवसाला साधारण ९०० वॅट-तास द्यायची, म्हणजे एका युनिटला थोडी कमी. २०१८ च्या वादळाआधी आकडा ६४५ होता. शेवटच्या संदेशात तो २२ वर आला होता. २२ वॅट-तासांत ९ वॅटचा बल्ब अडीच तासही जळत नाही. एवढ्यात तिला स्वतःला ऊबही द्यायची होती.

"माझी बॅटरी संपत आलीये, अंधार होतोय" हे तिचे शेवटचे शब्द म्हणून फिरतात. तसं वाक्य तिने पाठवलेलं नाही. तिने आकडे पाठवले होते, एका पत्रकाराने त्यांचा भावार्थ तसा मांडला. मला स्वतःला २२ हा आकडाच जास्त लागतो.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्या वादळात वायपर असता तरी उपयोग झाला नसता. पॅनलवरच्या धुळीपेक्षा आकाशातली धूळ जास्त होती, सूर्यच झाकला गेला होता. तुमचा प्रश्न लागू पडतो तो त्याआधीच्या चौदा वर्षांना, आणि 'इनसाइट'ला तर फारच.


इंजिन_घर

मी पॅकिंगची यंत्रं डिझाइन करतो, अवकाशाशी संबंध नाही. पण हलणारे भाग हा माझा रोजचा विषय, म्हणून लिहितो.

एक. वायपर कोरडा चालवायचा नसतो. उन्हाळ्यात गाडीच्या काचेवर धूळ असताना पाणी न मारता वायपर फिरवा, काचेवर कमानीच्या आकाराचे ओरखडे दिसतील. मंगळावर पाणी मारता येत नाही. तिथे हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी, पाणी द्रवरूपात टिकणारच नाही. मग ती बारीक खर पॅनलवर घासतच न्यायची.

दोन. रात्री शून्याखाली ९० अंशांपर्यंत पारा जातो आणि दुपारी शून्याच्या आसपास येतो. रोज. वंगण घट्ट होतं, रबर कडक होऊन तडकतं, सांध्यात धूळ शिरते. आता पॅनलवाले, तुम्हीच विचार करा. असा वायपर एक दिवस पॅनलच्या मधोमध अडकला तर काय होईल? तुम्ही ज्या सावलीबद्दल लिहिलंत ती सावली कायमची पडेल, आणि ती पुसायला कोणी जाणार नाही. धूळ हळूहळू नुकसान करते, अडकलेला वायपर एका दिवसात करतो.

तीन, आणि माझ्या मते हेच मुख्य. हमी ९० दिवसांची होती. १९९७ च्या 'सोजर्नर' गाडीवर एक छोटा प्रयोग होता, त्यात धुळीमुळे दिवसाला ०.२८ टक्के वीज घटते असं निघालं. या दराने ९० दिवसांत घट पाव हिश्श्याच्या आसपास राहते. मग वायपर, त्याची मोटर, वायर, कंट्रोल हे वजन न्यायचं, की तेवढ्याच वजनाचं पॅनल थोडं मोठं करायचं? मी डिझायनर असतो तर मीही पॅनलच मोठं केलं असतं. पॅनल अडकत नाही.


पॅनलवाला

इंजिन_घर, अडकलेल्या वायपरची सावली वाचली आणि एकदम पटलं. हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आमच्याकडे एका ठिकाणी पॅनलच्या मागून वाढलेल्या बाभळीची एक फांदी, हाताच्या अंगठ्याएवढी, दुपारी एकच तास आडवी यायची. तेवढ्यावर पंप तो तास सुस्तावायचा. फांदी तोडली, तक्रार गेली.

पण मोठं पॅनल हा उपाय ९० दिवसांना ठीक. मोहीम दोन-तीन वर्षांची असेल तर? आकाशवेडी ताईंनी इनसाइटचं नाव घेतलंय, त्याबद्दल सांगाल का?


आकाशवेडी

इनसाइट नोव्हेंबर २०१८ मध्ये उतरलं. ते फिरणारं नव्हतं, एका जागी बसून मंगळाचे भूकंप ऐकणारं यंत्र होतं. दोन गोल पॅनलं, प्रत्येकाचा व्यास साधारण सव्वादोन मीटर. सुरुवातीला दिवसाला ५ युनिट मिळायचे. २०२२ च्या उन्हाळ्यापर्यंत अर्ध्या युनिटवर आले. यंत्र धडधाकट होतं. मे २०२२ मध्ये त्याने ४.७ तीव्रतेचा भूकंप नोंदवला, तोवरचा सगळ्यात मोठा. आणि तेव्हाच विजेअभावी एकेक उपकरण बंद करायची वेळ आली होती. १५ डिसेंबर २०२२ नंतर त्याचा आवाज आला नाही.

तिथे वायपर बसवणं आणखी अवघड होतं, कारण ती पॅनलं काचेच्या पाटासारखी नव्हती. घडीच्या पंख्यासारखी मिटवून नेली आणि तिथे जाऊन उलगडली. आधाराला ताणलेलं जाळीदार कापड, त्यावर सेल. त्यावर दाब देऊन काही फिरवायचं म्हणजे पंख्यावर इस्त्री फिरवण्यासारखं.

झटकायचं म्हणालात ना, ते त्यांनी करून बघितलं. पॅनल उलगडणाऱ्या मोटरींना झटके देऊन धूळ पडते का पाहिलं. पडली नाही.

मग मे २०२१ मध्ये त्यांनी जे केलं ते मला फार आवडतं. यंत्राच्या हाताला एक फावडं होतं. त्याने जमिनीवरची वाळू उचलली आणि पॅनलच्या शेजारी, वारा जास्त असेल अशा वेळी, हळूहळू ओतली. पॅनल साफ करायला त्यावर आणखी वाळू! वाऱ्याने वाळूचे जाड कण पॅनलवरून टणटण उड्या मारत गेले आणि जाताना बारीक धुळीला धक्के देत गेले. त्या एका खेपेने दिवसाला साधारण ३० वॅट-तास वाढले. आकडा छोटा वाटेल, पण मरायला टेकलेल्या यंत्राचं आयुष्य तो काही आठवड्यांनी वाढवतो.


माजघर

मला अवकाशातलं काही कळत नाही, मुलगा वाचून दाखवतो म्हणून इथे येते. पण वाळूचं वाचून लगेच ओळखीचं वाटलं. अरुंद तोंडाची बाटली आतून धुवायची असली, हात जात नसला, की आम्ही त्यात मूठभर तांदूळ आणि थोडं पाणी घालून खळखळ हलवतो. तळाचा चिकटा निघतो. कोरडी बाटली असली तर जाडं मीठ घालायचं. पिठाच्या डब्याला चिकटलेलं पीठ डबा आपटून निघत नाही, पण त्यात ज्वारी घालून हलवली तर निघतं. बारीक ते चिकटून बसतं, जाड ते घरंगळतं. असं का ते मात्र मला कोणी सांगितलेलं नाही.


इंजिन_घर

माजघर, तुम्ही जे लिहिलंत तेच तिथलं शास्त्र आहे. असं का, ते सांगायचा प्रयत्न करतो.

कण खाली पडतो तो वजनामुळे. चिकटून राहतो तो पृष्ठभागाच्या ओढीमुळे. कणाचा व्यास निम्मा केला तर वजन आठपट कमी होतं, पण चिकटण्याची ओढ साधारण निम्मीच होते. पुन्हा निम्मा करा, वजन चौसष्टावा भाग, ओढ पाव. असं करत खाली जा. मंगळाच्या आकाशात तरंगणारी धूळ काही मायक्रॉनची, विडीच्या धुरातल्या कणांच्या आसपास. तिथे वजन ही गोष्ट जवळजवळ संपते आणि फक्त चिकटणं उरतं. त्यात मंगळाचं गुरुत्वाकर्षण आपल्या ३८ टक्के. म्हणून पॅनल उभं केलं तरी धूळ घसरत नाही, हलवलं तरी पडत नाही. मोबाइलसारखा व्हायब्रेटर बसवायची कल्पना मलाही आली होती, पण या हिशोबात ती टिकत नाही.

वाळूचा कण व्यासाने पन्नास-शंभर पट मोठा. तो वजनदार, त्याला वाऱ्याची ढकल लागते आणि तो आदळतो तेव्हा धुळीची पकड सुटते. एकदा सुटली की वारा उचलून नेतो.


नववी_ब

काका, मी नववीत आहे. माझा प्रश्न : 'इंजेन्युइटी' हेलिकॉप्टर मंगळावर ७२ वेळा उडालं. मग गाडीला पॅनल आणि बरोबर असं एक हेलिकॉप्टर द्यायचं, ते रोज पॅनलच्या वर येऊन पंख्याच्या वाऱ्याने धूळ उडवेल. हे चालेल का? विज्ञान प्रदर्शनात मांडायचा विचार आहे.


आकाशवेडी

नववी_ब, कल्पना छान आहे, नक्की मांड. मांडताना या दोन अडचणीही तक्त्यावर लिही, परीक्षक विचारतीलच.

पहिली, अंतराची. १.८ किलोचं हेलिकॉप्टर, त्याची पाती १.२ मीटर, मिनिटाला अडीच हजारांच्या आसपास फेरे. पृथ्वीवरून रिमोटने चालवता येत नाही, कारण संदेश जायलाच ३ पासून २२ मिनिटं लागतात. ते स्वतःच्या कॅमेऱ्याने खालचे दगड बघत उडतं. ज्या गाडीवर सगळी मोहीम उभी आहे तिच्या डोक्यावर ते रोज आणायचं धाडस कोण करेल? खऱ्या मोहिमेत त्याला गाडीपासून मुद्दाम लांब ठेवलं होतं. आणि त्याचा शेवट कसा झाला माहीत असेलच. जानेवारी २०२४ मध्ये उतरताना पात्याचं नुकसान झालं. खाली नुसत्या वाळूच्या लाटा होत्या, ओळखीची खूण म्हणून दगडच दिसत नव्हते.

दुसरी अडचण चित्र बघून तूच सांग. इंजेन्युइटीला स्वतःचं पॅनल होतं. ते कुठे होतं?


नववी_ब

सगळ्यात वर! पात्यांच्याही वर. म्हणजे वारा खाली जातो आणि त्याचं स्वतःचं पॅनल साफ होत नाही?


आकाशवेडी

हो. मे २०२२ मध्ये हिवाळा आणि धुळीचे दिवस एकदम आले तेव्हा त्याची बॅटरी रात्री इतकी उतरली की एक दिवस संपर्कच तुटला होता. नंतर सावरलं. आणि तुझ्या प्रदर्शनासाठी अजून एक : त्याचा मेंदू म्हणून बसवलेली चिप साध्या मोबाइलमधली होती, स्नॅपड्रॅगन ८०१. शेजारच्या पर्सिव्हिअरन्स गाडीचा मुख्य संगणक किरणोत्सर्ग सोसणारा, पण फक्त २०० मेगाहर्ट्झचा. खिशातल्या मोबाइलच्या जातीची चिप तिथल्या हवेत उडाली, हे पोस्टरवर मोठ्या अक्षरांत लिही.


काळी_माती

भूशास्त्र शिकवते, नागपूर. धुळीबद्दल सगळे बोलताय, ती येते कुठून तेही बघू या.

मंगळाचा बराच पृष्ठभाग बेसाल्टचा, म्हणजे आपल्या सह्याद्रीसारखाच लाव्हा थंड होऊन झालेला काळा खडक. लोणारचं विवर बेसाल्टमध्ये आघाताने झालेलं आहे, म्हणून मंगळावरच्या विवरांशी तुलना करायला जगभरचे अभ्यासक बुलढाणा जिल्ह्यात येतात. खडक काळा तर ग्रह तांबडा का? लोहामुळे. खडकातलं लोखंड गंजून झालेली बारीक धूळ सगळ्यावर पसरली आहे. इनसाइटने वाळू उचलली तिथे किंवा गाड्यांनी दगड घासले तिथे तांबड्याच्या आत करडं-काळंच निघालं. घाटातून जाताना लाव्हाच्या दोन थरांमध्ये विटकरी रंगाचा पट्टा दिसतो ना, तोही लोहाचाच रंग. तिथली घडण वेगळी आहे, ओल आणि उष्णता होती, पण वर्गात मी तोच तुकडा हातात देते.

आता चुंबकाबद्दल, कारण पुढचा प्रश्न कोणीतरी तोच विचारेल. ऑपॉर्च्युनिटी आणि तिची जुळी गाडी स्पिरिट, दोघींवर चुंबक नेले होते. त्यातला एक कड्यासारखा होता. त्याच्या मधल्या भागात धूळ जवळजवळ पोचलीच नाही, कडेलाच ओढली गेली. म्हणजे तिथल्या धुळीचा जवळपास प्रत्येक कण थोडाफार चुंबकाला लागतो. मग पॅनलच्या कडेने चुंबक लावून पॅनल साफ ठेवता येईल का? ते कडं नाण्याच्या मापाचं होतं. मोठ्या पॅनलच्या मध्यापर्यंत ओढ पोचवायची तर चुंबक मध्यावर न्यावा लागेल, म्हणजे पुन्हा हलणारा भाग आला आणि इंजिन_घर यांची सावली आली. मला उत्तर सापडलेलं नाही.


इंजिन_घर

हलणारा भाग नको असेल तर वीज वापरायची. काचेत पारदर्शक तारांचं जाळं घालून त्यात उलटसुलट व्होल्टेजची लाट सोडायची, धुळीचे कण त्या लाटेवर उड्या मारत कडेला जातात. नासाने हे अनेक वर्षं प्रयोगशाळेत केलं आणि मार्च २०२५ मध्ये 'ब्लू घोस्ट' या यानाबरोबर चंद्रावर नेऊन तिथली माती खरोखर हटवून दाखवली.

मंगळावर एक वेगळा पेच आहे. चंद्रावर हवा नाही. मंगळावर आहे, पण विरळ, आणि विरळ वायूत ठिणगी फार कमी व्होल्टेजला उडते. ट्यूबलाइटच्या नळीत वायूचा दाब मुद्दाम कमी ठेवतात तो त्यासाठीच. म्हणजे चंद्रावर चाललेलं व्होल्टेज मंगळावर जसंच्या तसं देता येणार नाही.


खोडदकर

नारायणगावजवळच्या खोडदला राहतो. आमच्याकडे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तबकड्या आहेत, ३० आहेत सगळ्या मिळून. धुळीतल्या विजेचा विषय निघाला म्हणून सांगतो, कारण हे इथल्या फार कमी जणांना ठाऊक आहे.

१९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं 'स्कियापारेली' यान मंगळावर उतरत होतं. मुद्दाम धुळीच्या वादळांच्या मोसमात पाठवलं होतं. त्यावरची उपकरणं वारा, धूळ आणि धुळीमुळे हवेत तयार होणारी वीज मोजणार होती. कणांवर विद्युतभार किती साठतो, हेच तुम्ही आत्ता बोलताय. आणि ते उतरत असताना त्याचा क्षीण संदेश पृथ्वीवर थेट ऐकत होती ती आमच्या गावची दुर्बीण. संदेश आला, हवेत शिरल्याचं कळलं, पॅराशूट उघडल्याचं कळलं, आणि जमिनीवर टेकायच्या थोडं आधी आवाज थांबला.

नंतर कारण सापडलं. पॅराशूट उघडताना यान जोरात फिरलं, फिरणं मोजणारं यंत्र त्याच्या मर्यादेला जाऊन टेकलं, त्या चुकीच्या आकड्यावरून संगणकाने उंची काढली ती शून्याच्याही खाली आली. म्हणजे आपण जमिनीच्या आत आहोत असं त्याला वाटलं. त्याने पॅराशूट सोडून दिलं, इंजिनं जेमतेम तीन सेकंद चालवून बंद केली. तेव्हा ते ३.७ किलोमीटर उंच होतं.

त्या तबकड्यांखालून मी रोज दूध घालायला जातो. तो संदेश आमच्या शिवारात उतरला, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.


पॅनलवाला

खोडदकर, हे मला अजिबात माहीत नव्हतं. नारायणगावला चार वेळा आलोय, तबकड्या लांबून बघून परत गेलो. पुढच्या वेळी मुलीला घेऊन येणार.

अजून एक शंका. क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हिअरन्स या मंगळावरच्या गाड्या पॅनलशिवाय चालतात असं वाचलं. अणुबॅटरी. मग सगळ्यांनाच ती का देत नाहीत?


आकाशवेडी

कारण ती पिकत नाही. पर्सिव्हिअरन्समध्ये प्लुटोनियम-२३८ चं ४.८ किलो ऑक्साइड आहे. त्याच्या उष्णतेतून सुरुवातीला ११० वॅट वीज मिळाली. ११० वॅट म्हणजे दोन पंख्यांची. पण रात्रंदिवस, वादळातही. ८७ वर्षांहून थोड्या अधिक काळाने उष्णता निम्मी होते. हे प्लुटोनियम खाणीत सापडत नाही, अणुभट्टीत थोडं थोडं तयार करावं लागतं, आणि प्रक्षेपणाला अपघात झाला तर काय, याची वेगळी तयारी लागते.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. चांद्रयान-३ चे विक्रम आणि प्रज्ञान ऑगस्ट २०२३ मध्ये उतरले, उजेडाचे दिवस काम केलं आणि चंद्राच्या रात्रीनंतर उठले नाहीत. त्यांच्यात रात्रभर ऊब देणारं अणुइंधन नव्हतं, पॅनल आणि बॅटरी एवढंच. मंगळयान धुळीच्या बाहेर, कक्षेत होतं. ते सहा महिन्यांसाठी पाठवलं होतं, सप्टेंबर २०१४ पासून जवळपास आठ वर्षं चाललं. त्याचा संपर्कही एप्रिल २०२२ च्या लांबलेल्या ग्रहणानंतर तुटला. शेवटी सगळं ऊन किती मिळतं यावर येतं. त्यातून मंगळावर मुळात पोचतं ते आपल्या ४३ टक्के.

वाऱ्याबद्दल मघाशी राहिलं. मंगळाची हवा इतकी विरळ की ताशी १०० किलोमीटरचा वारा आपल्याकडच्या १३ किलोमीटरच्या झुळकीएवढीच ढकल देतो. तरी त्याच वाऱ्याने स्पिरिटला वाचवलं. मार्च २००५ मध्ये त्याच्या पॅनलची कार्यक्षमता ६० टक्क्यांच्या आसपास होती, एका रात्रीत ९३ झाली. दुसऱ्या दिवशी फोटोत वावटळी फिरताना दिसल्या. इनसाइटच्या जागी मात्र वावटळी जवळून गेल्या तरी धूळ निघाली नाही. जागेचं नशीब.


पॅनलवाला

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय. प्रयोग केला, तो सांगतो.

गच्चीवर बदलून आणलेलं एक जुनं पॅनल पडून होतं. मुलीने खळ्यावरची धूळ आणली, ती तिच्या आजीच्या जुन्या पातळाच्या तुकड्यातून वस्त्रगाळ केली आणि चाळणीने पॅनलवर सारखी भुरभुरवली. मी क्लॅम्प मीटर लावला. वाळू घरच्या बांधकामातली उरलेली, गिलाव्याच्या चाळणीतून गाळून उन्हात वाळवली.

पहिला दिवस वाया गेला. सकाळी आठला सुरू केलं, रात्रीच्या दवाने धूळ ओलसर होती, वाळू जिथे पडली तिथेच बसली. आमच्या शेतावरच्या पॅनलचं दुखणं तेच, आणि मंगळावर ते नाही, कारण तिथे ओल नाही. हे वाचून कळलं नव्हतं, हाताला लागल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला पश्चिमेचा वारा सुटला. मुलगी सुपात वाळू घेऊन पॅनलच्या पश्चिमेला उभी राहिली आणि उफणताना धरतात तसं सूप उंच धरून हळूहळू सोडत गेली. पॅनलवर नाही, पॅनलच्या बाजूला. पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. मग वारा जरा वाढला आणि काचेवर बारीक टकटक ऐकू आली. खाली वाकून आडव्या नजरेने पाहिलं तर कण उड्या मारत चालले होते आणि मागे निळ्या रेघा उमटत होत्या, खोडरबराने पुसल्यासारख्या. मीटरचा आकडा किंचित चढला. थोडाच, पण चढून तिथेच थांबला. नंतर ओल्या फडक्याने पुसल्यावर चढला तो अर्थातच कितीतरी जास्त.

अडचण एकच. जी वाळू उडून गेली नाही ती खालच्या चौकटीला येऊन साठली. तीच पट्टी! इनसाइटच्या गोल पॅनलला अशी उभी चौकट नसावी, फोटोत तरी कड सपाट दिसते. मुलगी म्हणते चौकट काढून बघू. पॅनल बाद झालेलंच आहे, म्हणून रविवारी काढणार आहे.

कोणी हे चालू पॅनलवर करू नका. काचेवर ओरखडे पडतात, मी बघितले.


नववी_ब

काका, काठ काढल्यावरचा आकडा नक्की टाका. आणि वाळू कुठल्या नंबरच्या चाळणीची घेतली? माझ्या प्रदर्शनात हेलिकॉप्टरऐवजी टेबलफॅन आणि सूप ठेवायचं ठरतंय. तुमच्या मुलीचं नाव लिहायला पाहिजे, तिला विचाराल का?


पॅनलवाला

विचारलं. ती म्हणते नाव नको, पण प्रदर्शन बघायला येणार. चाळणीचा नंबर उद्या गवंड्याला विचारून सांगतो.